लाडू होऊ नये अशी माती

पहिलं निवडुंग मी प्रेमानं मारलं.
एस्तेरबाईंनी निवृत्तीच्या दिवशी
शरणपूरहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं.
"काही करावं लागत नाही याला," म्हणाल्या,
आणि मी सगळं केलं:
मामंजींच्या मळ्यातली काळीभोर माती, शेणखत,
रोज सकाळी तांब्याभर पाणी.
महिन्याभरात बुडाशी बोट रुतलं,
उतरलेल्या चिकूत रुततं तसं.

आता दुसरं आलंय. एस्तेरबाईंनी विचारलं नाही काही.
फक्त वर्तमानपत्र या वेळी दुहेरी होतं.

म्हणून आज रविवारी
पाथर्डी फाट्याच्या चौथ्या मजल्यावर
गॅलरीत जुनी चादर अंथरून
मी माती बनवतेय.

जाड रेती धुतली. पाणी आधी बासुंदीसारखं निघालं,
मग चहासारखं, मग कोऱ्या चहासारखं,
तिथं कंटाळून थांबले.
विटांचे तुकडे खालच्या लोखंड्यांनी ओटा फोडला त्यातले,
वरवंट्यानं ठेचून हरभऱ्याएवढे.
विझलेला कोळसा इस्त्रीवाल्याचा;
पैसे घेतले नाहीत त्यानं,
पण कशासाठी, ते दोनदा विचारलं.
मूठभर जुनं गांडूळखत.
निंबोळी पेंड चिमूटभर, वास घरभर.
परलाइट होतं गंगापूर रोडच्या नर्सरीत,
पांढरं, हलकं, फुललेल्या साबुदाण्यासारखं.
भाव ऐकला, डोळे भरून पाहिलं, परत आले.

मग चाळण.
इथं सगळं पिठाच्या उलट:
खाली पडेल ते टाकायचं,
वर उरेल ते ठेवायचं.
वीस वर्षं पोळ्या केलेले हात ऐकतात थोडेच?
दोनदा मी खडे फेकले आणि धूळ जपून ठेवली.

मामंजी खुर्चीत, गुडघ्याला पट्टा.
पिंपळगावला चार एकर द्राक्षबाग उभी केलेला माणूस.
"चांगल्या मातीत खडे कालवतेस?
जन्मभर वेचून बांधावर टाकले आम्ही ते."
मी म्हटलं, पाणी धरणारी माती याला चालत नाही.
"मग तिला माती कशापायी म्हणायचं?"

त्यांना परीक्षा एकच ठाऊक, वाफशाची.
मूठभर माती आवळायची, लाडू वळायला हवा,
आणि टाकला की फुटायला हवा.
मी मिश्रणावर पाणी शिंपडलं,
त्यांच्या तळहातावर ठेवलं.
आवळलं त्यांनी, नखं पांढरी होईस्तोवर.
मूठ उघडली.
खडा खडा सुटा,
पाणी कधीच मनगटावरून कोपराकडे गेलेलं.

"नापास," ते म्हणाले.
"पास," मी म्हणाले.

बराच वेळ ते हाताकडे बघत राहिले,
एक विटेचा कण रेषेत अडकला होता.
मग खुर्ची पुढं ओढली,
माझ्या हातातली चाळण घेतली.
"घाल अजून."

चाळता चाळता, माझ्याकडे न बघता,
"द्राक्षालाबी ताण द्यावा लागतो.
छाटणीआधी पाणी तोडायचं.
पान पिवळं पडायचं, वेल बघायची माझ्याकडं.
तुझ्या सासूला सांगायचो, मोटारीची चावी लपव."
मी हसले. ते हसले नाहीत.

कुंडी भरली. वर्तमानपत्राची पट्टी करून
काटे सांभाळत लावलं,
तरी एक अंगठ्यात शिरलाच.
आता आठ दिवस पाणी नाही.
"एक थेंब?"
"एकही नाही."

रात्री अडीचला गॅलरीतला दिवा लागलेला.
दूर हायवेवर कांद्याचे ट्रक.
मामंजी कुंडीपाशी उभे, हातात तांब्या.
मी दारातच थांबले.
तांब्या कलला. थांबला.
सरळ झाला.
मग मान मागं टाकून
त्यांनीच तो घटाघटा पिऊन टाकला.